सल्ला हवा: महापालिकेच्या शाळेत आठवीच्या ४० मुलांसाठी कार्यशाळा, ५,००० रुपयांत काय घ्यावं?

ईटीसी_तिसरं_वर्ष
२८ फेब्रुवारीला विज्ञान दिनासाठी आम्ही सहा जण सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका शाळेत जातोय. ४० मुलं, पाच-पाचचे आठ गट, वेळ दोन तास. पैसे ५,०००, त्यातच सगळं. वर्गात एकच प्लग, कॉम्प्युटर नाही. बऱ्याच मुलांच्या घरी माग आहेत, घरात तेलुगू बोलतात. मुलांच्या हाताला काम मिळेल असं काय घ्यावं?

रोबो_क्लब_माजी
डोळे झाकून आर्डुइनो उनोचे (कॉम्प्युटरवरून प्रोग्राम चढवायचा छोटा बोर्ड) क्लोन घे. पाचशेच्या आसपास पडतात. क्लोनवरच्या यूएसबी चिपचा, सीएच३४० चा ड्रायव्हर लॅपटॉपवर घरूनच टाकून ने, नाहीतर विंडोजमध्ये पोर्टच दिसत नाही. केबल तपासून घे. चार्जरसोबत येणाऱ्या कितीतरी केबलींत डेटाच्या तारा नसतात. बोर्डावरचा दिवा लागतो, प्रोग्राम मात्र चढत नाही.

होटगी_रोड
उनो जुना झाला. मायक्रोबिट बोर्ड घ्या. बटणं, २५ एलईडी, सगळं बोर्डावरच असतं. पैसे कमी पडले तर विभागप्रमुखांकडे वाढवून मागा.

ईटीसी_तिसरं_वर्ष
सर, ५,००० च आहेत. आणि कॉम्प्युटर नाही.

सोल्डर_२५
लॅपटॉप तुमचे न्या की. माझं मत, मुलांना सोल्डरिंग, म्हणजे धातू वितळवून तारा जोडणं शिकवा. २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न आणि ६३/३७ ची (कथील-शिशाची) तार. १८३ अंशाला वितळते, जोड स्वच्छ येतो. एकदा जमलं की जन्मभर विसरत नाही.

लॅब_सहायक
एका प्लगवर आठ आयर्न, आजूबाजूला ४० मुलं? नको. त्या तारेत ३७ टक्के शिसं असतं आणि मुलं तसेच हात घेऊन डब्याला बसतात. जोडणी कॉलेजातच करून न्या.

आता बॅटरीचं. सगळे ९ व्होल्टची चौकोनी घेतात, तिथेच फसतात. तिची क्षमता फार कमी, मोटर लावली की लगेच बसते. दोन एए सेल घ्या, ३ व्होल्ट. लाल एलईडी १.९ व्होल्टच्या आसपास घेतो, उरलेल्या १.१ ला १०० ओहमचा रेझिस्टर, म्हणजे करंट आवरणारा तुकडा. ११ मिलीअँपिअर जातात, भरपूर झाले. प्रत्येक एलईडीला स्वतंत्र रेझिस्टर हवा. सगळ्यांना मिळून एकच लावला आणि रंग मिसळले तर फक्त लाल लागतात, कारण पांढऱ्या-निळ्याला ३ च्या वर व्होल्ट लागतात. पोरं म्हणतात दिवा खराब. सगळे लालच घ्या.

रोबो_क्लब_माजी
९ व्होल्टला ४७० ओहम लावला की चालतंय. आणि केबलचं परत सांगतो, तपासून घे.

लॅब_सहायक
चालतंय, पण नऊतले सात व्होल्ट रेझिस्टर तापवण्यात जातात.

नॅकची_फाइल
आधी मुख्याध्यापकांना कॉलेजच्या लेटरहेडवर पत्र द्या, पोच घ्या. फ्लेक्स मोठा करा, फोटोत तारीख दिसली पाहिजे.

पूर्वभाग_७
फ्लेक्सवर हजार रुपये घालवू नका, अगदी मनापासून सांगतो. ते पैसे मुलांच्या हातात जाऊ द्या.

आणि मागावाल्यांच्या पोरांना कॉम्प्युटर परका नाही बे. चादरीची नक्षी जकार्डवर निघते, म्हणजे मागावरच्या भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या यंत्रावर. पुठ्ठ्याला भोक असलं की सुई आत जाते, हुक जागेवर राहतो आणि ताण्याचा धागा उचलला जातो. भोक नसलं की पुठ्ठा सुईला ढकलतो, हुक सरकतो, धागा खालीच. एक आणि शून्य. तिथून सुरू करा.

होटगी_रोड
जकार्ड आता इलेक्ट्रॉनिक झालेत. पुठ्ठे किती जणांकडे राहिले?

पूर्वभाग_७
माळ्यावर गठ्ठे पडलेत. विचारलं तर एखादा देतील.

सोल्डर_२५
मी पण तेच म्हणतोय, हाताने करण्यासारखं पाहिजे. सोल्डरिंग.

ईटीसी_तिसरं_वर्ष
ठरलं. बोर्ड एकही घेत नाही. पुठ्ठा वाचणारं यंत्र करतोय.

खाली ॲल्युमिनियम फॉइलची पट्टी, वर सात वाकवलेल्या पेपरक्लिपा १२ मिमी अंतरावर, प्रत्येकीला एक लाल एलईडी आणि १०० ओहम. मध्ये कार्ड सरकवायचं. भोक आलं की क्लिप फॉइलला टेकते, दिवा लागतो. काल एक करून पाहिलं. लग्नपत्रिकेचा पुठ्ठा जाड पडतो, क्लिप फॉइलपर्यंत पोचत नाही. पोस्टकार्डाच्या जाडीचा बरोबर. भोक एकेरी पंचने, ६ मिमीचं.

सातच दिवे, कारण युनिकोडमध्ये (कॉम्प्युटरसाठी प्रत्येक अक्षराला नंबर देणारी यादी) देवनागरीला १२८ जागा आहेत, तेवढ्या सात भोकांत मावतात. दिव्यांची किंमत डावीकडून ६४, ३२, १६, ८, ४, २, १. शून्यापासून मोजलं तर स ५६ वर येतो: ३२ + १६ + ८, म्हणजे ०१११०००. आणि तेलुगू, कन्नडच्या गटांतही स ५६ वरच आहे, क तिन्हींत २१ वर, कारण तिन्ही गट इस्की या भारतीय मानकाच्या क्रमावर बसवलेत. ज्याला घरची लिपी येते त्याने त्या लिपीत नावाचं पहिलं अक्षर पाडावं, भोकं तीच येतात. हे मुलांना दाखवायचंच आहे.

आठ संचांना ५६ एलईडी, जास्तीचे धरून ८० घेतोय. रेझिस्टर तेवढेच, १६ सेल, आठ होल्डर, आठ पंच.

लॅब_सहायक
छान. फॉइलला सोल्डर धरत नाही, वर ऑक्साइडचा थर असतो. तारेचं टोक फॉइलमध्ये तीन घड्या घालून गुंडाळ आणि वरून पेपरक्लिप लाव. कार्डाचा उजवा वरचा कोपरा काप, नाहीतर उलटं घातलं की क चे २१ ऐवजी ८४ येतात आणि चूक सापडत नाही. सातही दिवे लागले तरी ७७ मिलीअँपिअर, दोन तास सेल आरामात चालतील.

रोबो_क्लब_माजी
तरी एक उनो घेऊन जा. केबल तपासून.

ईटीसी_तिसरं_वर्ष
नाही दादा. @पूर्वभाग_७, तो पुठ्ठ्याचा गठ्ठा कुणाकडे मिळेल? शनिवारी सायकलवर येतो.