ऑफिसचा कॉम्प्युटर हँग

ए-१०२ (सेक्रेटरी): मंडळी, सोसायटी ऑफिसचा कॉम्प्युटर दिवसातून चार-पाचदा हँग होऊन राहिलाय. कधी मिनिटभराने आपला आपण सुटतो, कधी बटण दाबून बंद करावा लागतो. मेंटेनन्सचा सगळा हिशोब त्यातच आहे. सिल्व्हर मॉलमधल्या कॉम्प्युटरच्या दुकानात नेऊन फॉरमॅट मारून आणू का?

सी-३०१: काका, फॉरमॅट इतक्यात नको. आधी टॅलीचं डेटा फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या. आणि कुणी ‘चेकडिस्क (विंडोजची डिस्क-तपासणी) चालवा’ म्हटलं तरी आज चालवू नका. डिस्क मरायला टेकली असेल आणि ते ‘/r’ लावून चालवलं, तर डिस्कचे सगळे सेक्टर (बारीक कप्पे) वाचत बसतं आणि उरलासुरला जीवही जाऊ शकतो.

बी-२०४: हँग झाला की माउस हलतो का? कॅप्स लॉक दाबल्यावर कीबोर्डवरचा दिवा लागतो-विझतो का?

ए-१०२: दोन्ही होतं. फक्त काही उघडत नाही. कॅबिनेटवरचा डिस्कचा लाल दिवा सलग पेटलेला असतो.

बी-२०४: मग डिस्ककडे संशय. माउस जागीच थिजला, कॅप्स लॉकचा दिवाही हलेना, आवाज घर्रर्र करत अडकला, तर मी रॅम, उष्णता नाहीतर एसएमपीएस (आतला वीज पुरवणारा डबा) म्हटलं असतं. टास्क मॅनेजर उघडा ठेवा. अडकला की डिस्क १०० टक्के आणि वेग शून्य केबी दिसतो का बघा. म्हणजे विंडोज डिस्कच्या उत्तराची वाट बघत बसलंय.

बी-४०१: धूळही बघा हो. मे महिन्यात ऑफिसात पंखा सोडून काही नाही, आणि कॅबिनेट जमिनीवर.

सी-३०१: बरोबर काकू, पण उष्णतेने सहसा आधी वेग मंदावतो, मग मशीन बंद पडतं. मिनिटभर अडकून परत सुटणं हे तिचं लक्षण नाही. साफ करायचाच तर ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरा, नाहीतर गरागरा फिरून बेअरिंग जातं.

काका, स्टार्टवर राइट क्लिक, इव्हेंट व्ह्यूअर, विंडोज लॉग्ज, सिस्टिम. हँग झालेल्या वेळेच्या आसपास पिवळे-लाल कोणते नंबर आहेत?

ए-१०२: कर्नल-पॉवर ४१ बरेच. शिवाय १२९ आणि १५३.

सी-३०१: ४१ सोडा. मशीन नीट बंद झालं नाही, एवढंच ते सांगतं. बटण तुम्हीच दाबलंत. (हा ४१ बघून लोक एसएमपीएस बदलून आणतात.) १२९ म्हणजे डिस्कने उत्तर दिलं नाही म्हणून विंडोजने तिला रीसेट केलं, १५३ म्हणजे तेच काम पुन्हा करायला लावलं. ७ नाही ना? ७ म्हणजे बॅड ब्लॉक, डिस्कचा खराब झालेला भाग.

ए-१०२: ७ नाही.

बी-२०४: आता क्रिस्टलडिस्कइन्फो टाका, डिस्कची तब्येत दाखवतं, फुकट आहे. ०५, सी५, सी६ आणि सी७ या ओळींतला शेवटचा आकडा सांगा.

ए-१०२: ०५, सी५, सी६ तिन्ही शून्य. सी७ मध्ये खूप शून्यं आणि शेवटी २३ई.

बी-२०४: ते हेक्साडेसिमल आहे, म्हणजे सोळाच्या पटीतला आकडा. फंक्शन मेनूत रॉ व्हॅल्यूज दशमानात करा, ५७४ दिसेल.

आणि सुटलात. सी५ म्हणजे वाचता न आलेले, संशयित सेक्टर; तो वाढता असता तर डिस्क बदला म्हटलं असतं. सी७ म्हणजे डिस्क आणि मदरबोर्डच्या मधल्या वाटेवर डेटा बिघडून पुन्हा पाठवावा लागला. बहुतेक वेळा दोष साटा केबलचा. दुमडलेली, सैल, नाहीतर कनेक्टर ढिला.

सी-३०१: क्लिपवाली केबल घ्या, शंभर-दीडशेत येते. प्लग काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, मग केबल बदला. मदरबोर्डवर शेजारचा पोर्ट वापरा, म्हणजे पोर्टचा संशयही फिटेल. केबल काटकोनात मुडपू नका. आणि ५७४ लिहून ठेवा. तो आकडा कधी कमी होत नाही, वाढतो का तेवढंच बघायचं.

ए-१०२ (दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी ६): केबल आणि पोर्ट बदलून दिवसभर काम केलं. एकदाही अडकला नाही. सी७ अजून ५७४.

बी-२०४: आठवडाभर बघा. १२९ पुन्हा आला आणि ५७४ तसाच राहिला तर पॉवर ऑप्शन्समध्ये हाय परफॉर्मन्स करून पाहू, कधी कधी वीजबचतीत डिस्कची लिंक झोपते.

आणि काका, जुनी केबल कात्रीने कापून टाका. ड्रॉवरमध्ये राहिली तर पुढच्या खेपेला कुणीतरी तीच लावेल.