टाकायासू (मोठ्या नसांच्या भिंती सुजण्याचा आजार) : आधी ऑपरेशन की आधी गोळ्या?

सावजी_रस्सा : काल इथं एका भाऊनं ठोकून दिलं, महाधमनी अरुंद झाली म्हणजे पाईप चोंदला, स्टेंट टाका न मोकळे व्हा, वर्षानुवर्षं स्टेरॉइड देणं हा डॉक्टर लोकांचा वेळकाढूपणा. तेव्हापासून डोकं तापून राह्यलं. अरे बाप्पा, टाकायासूमध्ये आत काही साचलेलं नसते, नसेची भिंतच सुजते. सूज पेटलेली असताना नस उघडायला आत फुगा फुगवला की जागा पुन्हा आवळते, स्टेंटमध्येसुद्धा. माझ्या बहिणीच्या किडनीच्या नसेत असाच घाईघाईनं स्टेंट घातला, ईएसआर, म्हणजे अंगातली सूज दाखवणारा रक्ताचा आकडा, चढलेला होता तिकडं कोणी पाहिलंच नाही, वर्ष व्हायच्या आत परत बंद. युरोपच्या संधिवाततज्ज्ञांच्या २०१८ च्या शिफारशी वाचा, तातडी नसेल तर आजार शांत झाल्यावरच नसेला हात लावा म्हणतात.

धंतोलीचा_पोट्टा : तो भाऊ मीच. तुमच्याच शिफारशीत पुढं लिहिलं आहे, रक्तपुरवठा पारच तुटत असेल तर लगेच सर्जनकडे पाठवा, ते नाही दिसलं का? प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडनं सूज उतरते, पण भिंत एकदा निबर झाली की गोळीचा बापही ती उघडत नाही. माझ्या वहिनीले चालताना पोटऱ्या भरून यायच्या, बीपी गोळ्यांना जुमानत नव्हतं, आणि डॉक्टर म्हणे "थांबू अजून". स्टेरॉइडनं तोंड सुजलं, शुगर आली. शेवटी बायपास केला, आता फुटाळा तलावाला चक्कर मारून येते.

सावजी_रस्सा : म्हणजे बायपास. काल तर स्टेंट स्टेंट करून राह्यले होते.

ऑरेंजसिटी_काकू : भांडा बाळांनो, पण बीपी कोणत्या हातात मोजलं ते सांगा आधी. माझ्या मुलीचं डाव्या हातात कायम कमी यायचं, सगळे म्हणाले अशक्तपणा आहे, मीठ-साखरेचं पाणी द्या, टॉनिक द्या. डाव्या हाताची नसच बंद होती! पायात मोजलं तेव्हा खरं बीपी कळलं. कंपाउंडर तर नाडी लागेना म्हणून मशीनच बदलत बसला होता.

वऱ्हाडी_ठेचा : काकू एकदम बरोबर. या आजाराले "नाडी नसलेला आजार" उगाच नाही म्हणत. तरण्या पोरीचं बीपी चढलं तर चारही हातपाय मोजायला किती वेळ लागते हो?

रामटेकचा_राजा : ओपीडीत दोनशे पेशंट उभे असतात तेव्हा मोजून दाखवा तुम्ही. घरी बसून डॉक्टरले शिव्या देणं सोपं आहे.

ऑरेंजसिटी_काकू : शिव्या नाही देत जी. पण माझ्या पोरीले ताप न वजन उतरलं म्हणून टीबीच्या गोळ्यापण खाऊ घातल्या, त्याचं काय?

रामटेकचा_राजा : आपल्याकडं टीबी किती आहे ते पाहा न. आणि खरंच टीबी असला, वरून स्टेरॉइड सुरू केलं न तो भडकला, तर? मग कोणाले धरणार?

वऱ्हाडी_ठेचा : म्हणून तपासा म्हणतो, अंदाजानं नका देऊ. भारतात पोटातली महाधमनी न किडनीच्या नसा जास्त धरते, म्हणून आपल्या पोरींमध्ये बीपीच आधी दिसते. तेच चुकीच्या हातात मोजलं तर संपलं.

धंतोलीचा_पोट्टा : धागा बीपीवर नेला काकूनी. असो. सावजी भाऊ, "आजार शांत" म्हणजे ईएसआर नॉर्मल, असंच न? ऑपरेशनमध्ये काढलेल्या तुकड्यात सूज सापडते, अन् रिपोर्ट मात्र नॉर्मल असतो. किती वर्षं वाट पाहायची त्याची?

सावजी_रस्सा : मग तर तुमचं घाईचं म्हणणं अजूनच पडलं. रिपोर्ट साफ असून सूज लपते, तर चढलेला असताना कायले चिरता? ऑपरेशननंतरपण मेथोट्रेक्झेट (सूज दाबायचं औषध) सुटत नाही. वहिनीचं सुटलं का?

धंतोलीचा_पोट्टा : नाही सुटलं. घ्या, लावा फ्रेम करून. पण नुसत्या गोळ्यांवर ती फुटाळ्यापर्यंत गेली नसती, हेपण लिहा खाली.

सावजी_रस्सा : लिहिलं. आधी सूज, मग सर्जन. पाय काळा पडत असेल तर मात्र माझं ऐकू नका.

वऱ्हाडी_ठेचा : काकू, मांडीले लागते तो मोठा पट्टा कुठं भेटते हो? आमच्या इथल्या दुकानदारानं हाताचाच दाखवला.

ऑरेंजसिटी_काकू : सर्जिकलच्या दुकानात "थाय कफ" म्हणून मागा, हाताचा मांडीला लावला तर आकडा खोटाच येईल.