३० फेब्रुवारी: छपाईची चूक की शायरचं कॅलेंडर?

दुसरी न्याहारी
टॉल्किनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या कादंबरीच्या तिसऱ्या खंडात शेवटी परिशिष्टं आहेत, त्यातल्या 'ब'मध्ये अंगठीच्या युद्धाची तारीखवार नोंद आहे. २९ फेब्रुवारीला मेरी-पिपिन हे दोघे हॉबिट (बुटक्या चणीचे लोक) शत्रूकडच्या ऑर्कांच्या तावडीतून सुटतात आणि त्यांना ट्रीबिअर्ड हा एंट (झाडासारखा चालता-बोलता जीव) भेटतो. पुढची नोंद ३० फेब्रुवारीची: एंटमूट (एंटांची सभा) सुरू, एओमर आणि अरॅगॉर्नची गाठ. त्यानंतर १ मार्च. २९ तारीख लीप वर्ष म्हणून खपून जाईल, पण ३०? दोन वेगवेगळ्या आवृत्त्यांत तेच छापलंय.

याच्याच पोटात आणखी दोन शंका. अंगठी नष्ट करायला निघालेली कंपनी (फ्रोडो आणि त्याचे सोबती) २५ डिसेंबरला एल्फांचं रिव्हेंडेल सोडते आणि २५ मार्चला अंगठी नष्ट होते. मोबाइलवर तारखांमधलं अंतर काढलं की ९० दिवस येतात. हे बरोबर आहे का? आणि हॉबिट बिल्बोची वाढदिवसाची मेजवानी गुरुवारी २२ सप्टेंबरला होते. १७ वर्षांनी फ्रोडो घर सोडायच्या आदल्या दिवशीचा वाढदिवस, तोही गुरुवारीच. हा योगायोग म्हणायचा का?

आळशी एंट
छपाईची चूक अजिबात नाही. शायर या हॉबिटांच्या देशात सगळे महिने ३० दिवसांचे, फेब्रुवारीसकट. बारा गुणिले ३०, म्हणजे ३६०. उरलेले पाच दिवस कुठल्याच महिन्यात धरत नाहीत: वर्षाच्या सांध्यावर दोन यूल (पहिला यूल जुन्या वर्षाचा शेवटचा दिवस, दुसरा यूल नव्या वर्षाचा पहिला) आणि जून-जुलैच्या मध्ये तीन, म्हणजे पहिला लिथ, मध्यवर्ष दिन, दुसरा लिथ. लीप वर्षी मध्यवर्ष दिनानंतर 'ओव्हरलिथ' नावाचा आणखी एक दिवस घालतात. दर चौथ्या वर्षी, फक्त शतकाचं शेवटचं वर्ष सोडून. त्यामुळे लीपचा आणि फेब्रुवारीचा तिथे काही संबंधच नाही. हे सगळं परिशिष्ट 'ड'मध्ये आहे, जे बहुतेक जण भाषेचा भाग समजून उलटून टाकतात.

'फेब्रुवारी' हे नावसुद्धा टॉल्किनने आपल्या सोयीसाठी घातलंय. हॉबिटांच्या तोंडी तो सॉलमॅथ, आणि सप्टेंबर म्हणजे हॅलिमॅथ.

३० तारीख काढून टाकली तर गोष्टच मोडते, ते बघा. कंपनीतला बोरोमिर मारला जातो २६ला. त्या दिवसापासून त्याचे सोबती अरॅगॉर्न, लेगोलस (एल्फ) आणि गिमली (बुटका) ऑर्कांच्या मागावर पळतायत. रोहनचा सरदार एओमर भेटतो तेव्हा थक्क होऊन हिशेब सांगतो: चौथा दिवस संपायच्या आत ४५ लीग. लीगचे तीन मैल धरले तर १३५ मैल, म्हणजे जवळजवळ २१७ किलोमीटर, तेही पायी. आता २७, २८, २९, ३० मोजा. बरोबर चौथा दिवस. आपल्या साध्या वर्षाचा फेब्रुवारी लावलात तर हेच अंतर दोन दिवसांत कापावं लागेल, आणि ते लेगोलसला जमलं असतं तरी गिमलीला नक्कीच नाही.

प्रवासाचे दिवसही हाताने मोजून घ्या. डिसेंबरचे उरलेले ५, दोन यूल, जानेवारी ३०, फेब्रुवारी ३०, मार्चचे २५. एकूण ९२.

गणितगोलम
गुरुवारचं उत्तर. हा योगायोग नाही, ती तारीख दर वर्षी गुरुवारीच येते.

३६५ला ७ने भागलं की १ उरतो, म्हणून आपल्याकडे वार दर वर्षी एकाने सरकतो. हॉबिटांना ही कटकट नको होती. त्यांचा जुना प्रमुख इसेन्ग्रिम दुसरा याच्या काळाच्या सुमारास त्यांनी ठरवलं की मध्यवर्ष दिनाला वारच द्यायचा नाही, आणि ओव्हरलिथलाही नाही. राहिले ३६४, म्हणजे नेमके ५२ आठवडे. वर्ष कायम शनिवारी सुरू होतं आणि शुक्रवारी संपतं. एकच कॅलेंडर पिढ्यानपिढ्या भिंतीवर टांगलेलं चालतं.

वार स्वतः काढायचा असेल तर असा: (महिना वजा १) गुणिले ३०, त्यात तारीख मिळवा. जानेवारी ते जूनसाठी आणखी १ मिळवा, जुलै ते डिसेंबरसाठी ३. उत्तराला ७ने भागून बाकी बघा. बाकी १ आली तर शनिवार, २ रविवार, असं करत ६ गुरुवार आणि ० शुक्रवार. २२ सप्टेंबर: २४० + २२ + ३ = २६५. बाकी ६. गुरुवार.

वारासाठी ३ मिळवतो कारण मध्यवर्ष दिन वगळलाय. वर्षातला कितवा दिवस हे काढायचं असेल तर ३च्या जागी ४ घ्या, लीप वर्षी ५. या दोन बेरजांत गल्लत झाली की वार एकाने चुकतो. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं.

जाता जाता: याच रीतीने बारा महिन्यांच्या १ तारखा काढून पाहा. एकही शुक्रवारी येत नाही. म्हणून शायरमध्ये 'शुक्रवार, १ तारीख' म्हणजे कधीच न उजाडणारा दिवस, थट्टेत वापरायचा. शुक्रवार हा त्यांच्या सुट्टीचा आणि संध्याकाळच्या जेवणावळींचा दिवस. नावाने शुक्रवार, पण मान आपल्या रविवारचा.

कृष्णपक्ष
चंद्रही तपासून घ्या, तो भाग या सगळ्यात सरस आहे. इथले महिने सौर आहेत, त्यामुळे १ तारखेला प्रतिपदा वगैरे काही शोधू नका. पण कथेतला चंद्र पंचांगासारखा चालतो, कारण टॉल्किनने तो मुद्दाम बसवून घेतलाय. १९४४ साली मुलाला लिहिलेल्या पत्रात त्याची कबुलीच आहे: आपला चंद्र एकीकडे उगवतोय आणि त्याच वेळी दुसरीकडे मावळतोय, हे त्याच्या लक्षात आलं होतं.

८ मार्चच्या पहाटे गॉन्डॉरचा (माणसांच्या राज्याचा) सरदार फॅरामिर फ्रोडोला उठवून हेनेथ अनूनच्या धबधब्यापाशी नेतो, तेव्हा पूर्ण चंद्र पश्चिमेला मावळत असतो. पौर्णिमेचा चंद्र पहाटेच मावळायला हवा, तसा तो मावळतोय. इथून मागे साडेएकोणतीस-साडेएकोणतीस दिवस मोजत गेलं की ऑक्टोबरमधली पौर्णिमा साधारण १२ तारखेला पडते. वेदरटॉप टेकडीवर फ्रोडोवर झालेला हल्ला ६ ऑक्टोबरचा, आणि त्या प्रकरणात चंद्र वाढता आहे. जुळतं.

लोथ्लॉरिअन या एल्फांच्या राज्यातला सॅमचा (फ्रोडोच्या सोबत्याचा) गोंधळही यातूनच सुटतो. आत शिरताना कृष्णपक्ष होता. बाहेर पडून आठवडाभर होड्यांतून गेल्यावर बघतो तर आभाळात नखाएवढी कोवळी कोर. त्याला वाटतं, आपण तिथे एक दिवसही राहिलो नाही. तिथल्या कारास गालाधोन नगरीला पोचले १७ जानेवारीला, निघाले १६ फेब्रुवारीला. ३० दिवसांचा जानेवारी धरला की मुक्काम २९ दिवसांचा, म्हणजे जवळजवळ एक पूर्ण चांद्रमास. चंद्र एक फेरी मारून जागेवर आला आणि सॅमला ती फेरी दिसलीच नाही. एल्फांच्या राज्यात काळ थांबतो, हे यावरून सिद्ध करू पाहणाऱ्यांनी आधी हा हिशेब करावा.

१० मार्चपासून मात्र तपासणी बंद. मॉर्डोरच्या काळोखात तिथी कुठून दिसणार.

दुसरी न्याहारी
दंडवत सगळ्यांना. पण मग गॉन्डॉरचं काय? त्यांचं कॅलेंडर वेगळं असेल तर २५ मार्च ही नेमकी कुणाची तारीख?

आळशी एंट
परिशिष्ट 'ब'मधल्या तारखा शायरच्या. गॉन्डॉरमध्येही महिने ३० दिवसांचेच, पण जादा पाच दिवस वेगळ्या जागी ठेवलेत: वर्षाच्या आरंभी एक, अखेरीस एक, मध्यावर एक, मार्च-एप्रिलमध्ये एक आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये एक. मांडून बघितलंत तर ऑक्टोबर ते मार्च दोन्हीकडे तारीख एकच पडते. फरक एप्रिल ते सप्टेंबरमध्ये, तोही एकाच दिवसाचा. युद्धाची धामधूम नेमकी पहिल्या टप्प्यात येते म्हणून वाचकाला काही जाणवत नाही. पुढे राजाच्या नव्या गणनेत २५ मार्च हाच वर्षारंभ ठरला.

एल्फांचं आणखी निराळं, आणि आपल्याला ओळखीचं वाटेल असं: रिव्हेंडेलच्या गणनेत सहा ऋतू. फक्त आपल्यासारखे समान नाहीत. ५४, ७२, ५४, ५४, ७२, ५४ दिवसांचे, वर पाच सुटे दिवस. आठवडा सहा दिवसांचा आणि दिवस सूर्यास्ताला सुरू होणारा. लीपची भरपाई दर १२ वर्षांनी तीन दिवस एकदम.

कृष्णपक्ष
८ मार्चच्या पौर्णिमेनंतरची अमावास्या २२-२३ला पडते. म्हणजे तो नवा वर्षारंभ पाडव्यासारखाच अमावास्येला लागून येतो. हा निव्वळ योगायोग. यावर लेख पाडू नका. इंग्लंडात १७५२पर्यंत कायदेशीर वर्ष २५ मार्चलाच सुरू व्हायचं, टॉल्किनच्या डोळ्यांसमोर असलंच तर ते असेल.

गणितगोलम
तारखा एक्सेलमध्ये भरणाऱ्यांसाठी: ३० फेब्रुवारीला एक्सेल तारीख मानत नाही, मजकूर समजून सोडून देतं आणि पुढची वजाबाकी फसते. तारखेचा रकाना साध्या मजकुराचा ठेवा, शेजारी 'वर्षातला कितवा दिवस' हा आकडा भरा आणि सगळी गणितं त्याच्यावर करा. त्या आकड्यातून ९ ते ११ वजा केले की आपला दिवस मिळतो, कारण त्यांचा मध्यवर्ष दिन उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या दिवसाच्या जवळपास बसवलेला आहे. २२ सप्टेंबर हा २६६वा दिवस. आपल्याकडे तो १२ ते १४ सप्टेंबरच्या दरम्यान येतो. चाहते 'हॉबिट दिवस' २२लाच साजरा करतात, त्यांना कोणी सांगायला जाऊ नये.

दुसरी न्याहारी
भरून पाहिलं. २३ सप्टेंबरला बॅग एंड (फ्रोडोचं घर) सोडल्यापासून २० ऑक्टोबरला रिव्हेंडेलजवळच्या ब्रुइनेन नदीचा उतार गाठेपर्यंत २७ दिवस. रिव्हेंडेलचा मुक्काम ६५ (मोबाइल ६६ म्हणतो, कारण तो ऑक्टोबर ३१चा धरतो). पुढचे ९२. एकूण १८४, आणि मोबाइलचे १८३. त्याने एकीकडे एक दिवस जास्त धरला आणि दुसरीकडे दोन खाल्ले. म्हणूनच नुसती बेरीज ताडून चूक पकडता येत नव्हती.