नगरसेवक हवाच कशाला? (वरळीकरांनी जरूर वाचा)

बंदरावरची : काल टॉवरातल्या एका गृहस्थांची पोस्ट वाचली. 'मार्च २०२२ पासून जवळपास चार वर्षं मुंबई पालिकेत नगरसेवक नव्हते, काय अडलं? ऍपवर तक्रार टाका, काम होतं. २२७ जणांना पोसायचं कशाला?' रात्रभर डोक्यात भणभणत होतं, म्हणून लिहितेय.

काका, तुमचं अडलं नाही कारण तुमच्या सोसायटीला मॅनेजर आहे. आमच्या कोळीवाड्यात समोरून टोपलीवाली आली की कुणाच्या तरी ओट्यावर चढावं लागतं, एवढी गल्ली. ऍप विचारतं 'इमारतीचं नाव'. काय लिहू, आजीच्या घरामागे? पूर्वी सकाळी नगरसेवकाच्या ओसरीवर जाऊन बसलं की चहा पिता पिता फोन लागायचा. नाही लागला तर शिव्या घालायला समोर माणूस तरी असायचा.

तिसावा_मजला : पोस्ट माझीच. काका नको, ३८ चा आहे. १८८८ चा मुंबई पालिकेचा कायदा वाचा. कारभार आयुक्तांच्या हाती आणि आयुक्त नेमणार राज्य सरकार. महापौर फीत कापायला. तुमच्या बोटी जायला कोस्टल रोडच्या पुलाच्या खांबांमधलं अंतर ६० चं १२० मीटर करून घेतलंत ते डिसेंबर २०२२ ला. तेव्हा कुठे होता नगरसेवक?

बंदरावरची : नव्हता, म्हणूनच बोटी घालून काम अडवावं लागलं! माझा भाऊ धंदा सोडून तिथे. डिझेल तुम्ही भरलंत? आणि मागणी १६० ची होती.

बीडीडी_रिटर्न : ताई, आंदोलन मार्च २०२२ च्या आधीपासूनचं. तेव्हा होते की नगरसेवक. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

खरं दुखणं आरक्षणाच्या सोडतीचं आहे. पाच वर्षं राबावं आणि पुढच्या खेपेला प्रभाग राखीव. मग उभी राहते बायको, मिरवतो नवरा.

सुकट_चटणी : आलात मूळ पदावर. निम्म्या जागा बायकांना आहेत त्या तुमच्या मेहेरबानीने नाहीत. आमच्या जुन्या वस्तीतली नगरसेविका गुडघाभर पाण्यात चप्पल हातात घेऊन पंपवाल्याला झापत होती. नवरा घरी झोपलेला.

बीडीडी_रिटर्न : एक अपवाद. मान्य.

तिसावा_मजला : ठीक, असू द्या नगरसेवक. मग पहिलं काम त्या सुक्या मासळीच्या वासाचं सांगा. बाल्कनीत उभं राहवत नाही.

बंदरावरची : झालं! आलं पोटातलं ओठावर.

सुकट_चटणी : समुद्र दिसतो म्हणून जास्तीचे पैसे मोजलेत ना? तो समुद्रच येतो वासाला.

तिसावा_मजला : मी टॅक्स भरतो.

बंदरावरची : आम्ही काय मीठ भरतो?

बीडीडी_रिटर्न : मीठच भरता ताई, बोंबलात. (चिडू नका.)

सुकट_चटणी : बोंबलाला मीठ लावत नाहीत रे, नुसता उन्हात वलांडीवर, म्हणजे बांबूच्या मांडवावर टाकतात. वरळीच्या बीडीडी चाळीत राहून एवढं माहीत नाही?

बीडीडी_रिटर्न : आम्ही साताऱ्याकडचे. १६० फुटांच्या खोलीत सुकट भाजली की अख्खा मजला खोकायचा, एवढं माहीत आहे. आता ५०० फुटांत आलो तर आई खिडक्या लावून भाजते. शेजारी काय म्हणतील! हिचाच राग येतो मला.

तिसावा_मजला : माझी आजी रत्नागिरीची, मला कुणी सुकट शिकवू नये. प्रश्न एका प्रभागातल्या पन्नासेक हजार माणसांचा आहे. त्यात कोळीवाडा, चाळ, टॉवर कोंबल्यावर तो एकटा कुणाचं ऐकणार?

बंदरावरची : ज्याची मतं जास्त त्याचं. २०१७ ला मुंबईत ५५ टक्के मतदान झालं, तेही कौतुकाचं वाटलं लोकांना. तुम्ही गेला होतात जानेवारी २०२६ ला मतदानाला?

तिसावा_मजला : लोणावळ्याला होतो.

सुकट_चटणी : 🙏

तिसावा_मजला : बरं, हसून घ्या. बंदरावरचा दिवा बंद आहे म्हणालात ना मागे? आत्ता ऍपवर टाकायला बसलो. इमारतीचं नाव विचारतंय.

बंदरावरची : मग?

तिसावा_मजला : माझ्या टॉवरचं टाकलं.

बंदरावरची : म्हणजे येतील ते तुमच्याकडे. चहा पाजा आणि पाठवा इकडे.