मदत हवी आहे: 'सिन्स' की 'फॉर'?
ताई-दादांनो, जरा सांगा. पुतणी आठवीला आहे, इथंच परभणीत. 'नळाला आठ दिवसांपासून पाणी नाही' याचं इंग्रजी करताना तिनं 'सिन्स एट डेज' लिहिलं, बाईंनी लाल पेनानं 'फॉर' केलं. (वाक्य मात्र खरं, हंडे रिकामेच!) कालावधीला 'फॉर' अन् सुरुवात जिथून झाली तिथं 'सिन्स', म्हणजे 'सिन्स मंडे', 'सिन्स १९४८', एवढं मला कळतं. पण लेकराला दोन्हीकडं आपलं एकच 'पासून' दिसतं. त्यात पुढच्या धड्यात 'सिन्स इट वॉज रेनिंग', म्हणजे पाऊस होता म्हणून! ती विचारते, "काका, इथं 'पासून' कुठंय?" मराठीतूनच ओळखता येईल अशी सोपी खूण आहे का कुणाकडं? सोमवारी चाचणी आहे.