हडसनवरून सेसना न्यायचंय, सोबत बाबा – खालून जाऊ की वरून?

कॉल्डवेलकर: मंडळी, पीपीएल (खाजगी पायलटचं लायसन्स) नुकतंच झालंय, न्यू जर्सीत कॉल्डवेल विमानतळावरून सेसना १७२ उडवतो. सांगलीहून आईबाबा आलेत आणि बाबांना मॅनहॅटन वरून बघायचंय. पण चार्ट उघडला की डोकं गरगरतं, नेवार्क, लागार्डिया, केनेडी सगळ्यांचा मिळून क्लास ब्राव्हो (कंट्रोलरच्या परवानगीशिवाय शिरता न येणारं आकाश), शेजारी टेटरबरो विमानतळ, आणि मधे हडसन नदीवर ती चिंचोळी एक्सक्लूजनची, म्हणजे ब्राव्होतून वगळलेली पट्टी. १३०० फुटांच्या खालून गेलं की परवानगी लागत नाही म्हणून ते सोपं असं क्लबमधले म्हणतात, खरंय का?

पाण्यावरचा_पक्षी: परवानगी लागत नाही एवढंच खरं, सोपं कुणी सांगितलं 😄 कंट्रोलर नाही म्हणजे सगळं तुझ्यावर. रेडिओवर १२३.०५ फ्रिक्वेन्सीला आपली पोझिशन आपणच सांगत जायची, अल्पाइन टॉवर, जीडब्ल्यूबी (जॉर्ज वॉशिंग्टन ब्रिज), इंट्रेपिड (जहाजावरचं म्युझियम), क्लॉक, लिबर्टी (स्वातंत्र्यदेवीचा पुतळा). ही नावं पाठ हवीत आणि खिडकीतून ओळखताही आली पाहिजेत (क्लॉक म्हणजे जर्सी सिटीतलं कोलगेटचं मोठं घड्याळ). स्पीड १४० नॉटच्या आत, लाइट चालू, न्यूयॉर्कचा चालू टर्मिनल चार्ट विमानात. दक्षिणेला जाताना जर्सीचा काठ, परतताना मॅनहॅटनचा. थेट पार जाणाऱ्यांनी १००० ते १३०० च्या मधे राहायचं, त्याखाली टूरवाली हेलिकॉप्टरं घोंगावत असतात. आणि कॉल्डवेलहून सरळ पूर्वेला निघू नकोस, टेटरबरो आडवं येतं, उत्तरेला टॅपन झी पुलापाशी नदी गाठ. एफएएचा (अमेरिकेचं विमान वाहतूक खातं) या पट्टीसाठीचा ऑनलाइन कोर्स फुकट आहे, तो आधी कर.

ब्राव्होताई: मी शिकवते म्हणून सांगते, नवीन पायलट आणि शेजारी बाबा असतील तर मी स्कायलाइन रूट घेईन, म्हणजे वरून, ब्राव्होतून, टॉवरशी बोलत. हे वेगवेगळ्या उंचीचे नियम आले कशामुळे, तर ऑगस्ट २००९ ला टेटरबरोहून निघालेलं छोटं पायपर विमान आणि टुरिस्टांचं हेलिकॉप्टर हडसनवर एकमेकांवर आदळले, ९ जण गेले. डोळ्यांनी बघून टाळू म्हणायला ठीक आहे रे, पण विमानाच्या पोटाखालचं दिसत नाही. फक्त एक लक्षात ठेव, स्क्वॉक कोड (रडारवर ओळखायचा नंबर) मिळाला किंवा रडार कॉन्टॅक्ट (रडारवर दिसलात) म्हणाले म्हणजे आत शिरायची परवानगी नव्हे, "क्लिअर्ड इनटू ब्राव्हो" हे शब्द स्वतःच्या कॉलसाइनसकट (विमानाचं रेडिओवरचं नाव) कानावर पडले पाहिजेत. गर्दी असेल तर नाहीच म्हणतील, मग बाहेर राहा.

पाण्यावरचा_पक्षी: ताई, नाही म्हणाले की पोरगं ऐनवेळी खालीच घुसणार ना, म्हणून दोन्ही येऊ देत.

ब्राव्होताई: हे पटलं. पण आधी इन्स्ट्रक्टरबरोबर, आणि वीकडेच्या सकाळी.

फ्लॅप्स_१०: अजून एक, मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला गेलास की ब्रुकलिन ब्रिज फोटोला छान दिसतो म्हणून ईस्ट रिव्हरमधे वळू नकोस. २००६ ला बेसबॉलपटू कोरी लायडलचं विमान तिथे वळताना इमारतीवर आदळलं, तेव्हापासून सीप्लेन सोडून आपल्यासारख्यांना तिथे एटीसीला (कंट्रोलरला) विचारल्याशिवाय जाता येत नाही. शिवाय उत्तरेला वाट बंद, अरुंद जागेत यू टर्न. आणि बाबांना आधीच सांग, नदीवर असताना गप्पा नाहीत, दुसरं विमान दिसलं तर मात्र बोट दाखवायचं.

कॉल्डवेलकर: धन्यवाद सगळ्यांना. बाबा रिटायर्ड एसटी ड्रायव्हर आहेत, गप्प बसायचं जमेल की नाही सांगता येत नाही, त्यांचा पाय ब्रेकवर जाऊ नये म्हणून मागेच बसवतो. शनिवारी कोर्स करतो, इन्स्ट्रक्टरला आजच फोन. लाइफ जॅकेट कॉल्डवेलला कुणाकडे भाड्याने मिळतात का?

पाण्यावरचा_पक्षी: माझ्याकडे चार आहेत, मेसेज कर.