मदत हवी आहे: प्रवाळावरचं हे शेवाळ बाहेरचं आहे का?

सागरवेल: तीन आठवड्यांपूर्वी प्रवाळावर एके ठिकाणी जाड, मांसल शेवाळ दिसलं. काल गेले तर शेजारचे दोन खडकही झाकलेले. लागवडीसाठी बाहेरून आणलेलं कप्पाफायकस शेवाळ आहे का, कसं ओळखू? पसरतंय याची नोंद कशी ठेवू? शुक्रवारी अहवाल द्यायचाय, लवकर सांगा.

मालवणचो: खयचो समुद्र? रंग? फोटो? आमच्याकडे खडपावर सरगॅसम माजतं, पण ते इथलंच.

सागरवेल: तमिळनाडूतलं मन्नारचं आखात, कुरुसडाई बेट. हिरवट-तपकिरी. कॅमेऱ्यात पाणी गेलंय.

खारा_वारा: कुरुसडाई म्हणजे शंका रास्त आहे. कप्पाफायकस मूळचं फिलिपाइन्सकडचं, लागवडीसाठी आपल्याकडे आलं. २००८ मध्ये याच बेटाच्या प्रवाळावर पसरल्याची नोंद प्रसिद्ध झाली. फांदी वाकवून बघा, काकडीसारखी कट्‌कन मोडते. अ‍ॅकँथोफोरा हे दुसरं शेवाळ असेल तर बारीक काटे दिसतील.

ओहोटी: मोडायला काय सांगता! तुटलेल्या तुकड्यातूनच ते नवीन उगवतं. ताई, पाण्यात काही मोडू नका. नमुना घ्यायचाच तर पिशवीत बंद करून वर आणा. तो राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, वनखात्याची परवानगी आहे ना?

खारा_वारा: पिशवीचं लिहायला हवं होतं, चूक माझी. खात्रीसाठी डीएनए तपासणी लागेलच.

नकाशावाला: सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रं फुकट मिळतात. दर महिन्याची लावून बघा.

ओहोटी: त्यातला एक ठिपका १० मीटरचा. दोन खडकांवरचं शेवाळ त्यात दिसणार कसं? पाईपची एक मीटरची चौकट करा, जीपीएसने जागा पक्क्या करा आणि दर वेळी त्याच जागी किती टक्के झाकलंय ते लिहा. शेवाळ नसलेल्या जागाही नोंदवा, नाहीतर पुढे कुठे सरकलं ते कळायचं नाही.

रत्नागिरीकर: लागवडीला सरसकट दोष देऊ नका. किनाऱ्यावरच्या बायकांच्या हातात त्यातून पैसा येतो.

ओहोटी: येतो, मान्य. म्हणून तर लागवडीचे तराफे प्रवाळापासून लांब हवेत.

सुगरण७२: चायना ग्रास यापासूनच करतात ना?

खारा_वारा: नाही. ते अगार, ग्रॅसिलारिया-जेलिडियमपासून. यातून कॅराजीनन मिळतं, खाद्यपदार्थ दाट करायला वापरतात ते. ताई, तिथल्या कोळ्यांना ‘पेप्सी पासी’ (पासी म्हणजे तमिळमध्ये शेवाळ) म्हणून विचारा, लगेच ओळखतील.

सागरवेल: विचारलं. होडीवाले अण्णा वर्णन ऐकूनच ‘तेच’ म्हणाले. परवानगी सरांच्या नावावर आहे, नमुन्याचं त्यात आहे का ते बघते. उद्या ओहोटीला जातेय. अर्ध्या मीटरची चौकट चालेल का? एक मीटरची प्रवाहात एकटीला धरवत नाही.

ओहोटी: चालेल. पण मग प्रत्येक वेळी तीच वापरा. आणि एकट्या उतरू नका.